एफएआर, ६८ मार्क आणि रिव्ह्यू कोर्स निवडायची माझी पद्धत

२०२४ च्या मे महिन्यात मी एफएआर, म्हणजे यूएस सीपीएच्या (अमेरिकेतल्या अकाउंटंटच्या लायसन्सच्या) परीक्षेतला फायनान्शियल अकाउंटिंग अँड रिपोर्टिंगचा पेपर, पहिल्यांदा दिली आणि ६८ आले. (सगळे याला नुसतं फार म्हणतात, मीपण बोलताना तेच म्हणते, पण मराठी वाक्यात लिहिलं की भलतंच वाचलं जातं म्हणून इथे एफएआर लिहितेय.) पास व्हायला ७५ लागतात. ते पंच्याहत्तर टक्के नाहीत बरं का, ० ते ९९ ची स्केल आहे आणि प्रश्नाच्या अवघडपणाचा हिशोब करून मार्क बसवतात, त्यामुळे घरी सगळे "अगं सातच मार्क कमी पडले" म्हणत होते ते तसं नव्हतं, मला माहीत होतं की माझी तयारीच अर्धवट होती.

अर्धवट म्हणजे कमी अभ्यास असं नाही. अभ्यास खूप केला होता. मी न्यू जर्सीत एका छोट्या टॅक्स फर्ममध्ये काम करते, जानेवारी ते एप्रिल आमचा बिझी सीझन, तेव्हा पुस्तकाला हात लावणं शक्यच नसतं, पण १५ एप्रिल संपल्यावर मी रोज पहाटे साडेचारला उठून बसत होते. माझ्याकडे होती एका सिनियर दादांनी दिलेली २०२२ ची पुस्तकं, युट्यूबवरचे व्हिडिओ, आणि कुठून कुठून जमवलेल्या पीडीएफ. दादांनी मनापासून दिली होती, त्यांच्या स्वतःच्या नोट्स होत्या मार्जिनमध्ये, त्यांचा काहीच दोष नाही. पण जानेवारी २०२४ पासून यूएस सीपीएची परीक्षा पूर्ण बदलली. बीईसी हा पेपरच गेला, आता तीन कोअर पेपर, म्हणजे एफएआर, एयूडी (ऑडिट) आणि आरईजी (टॅक्स आणि बिझनेस लॉ), आणि चौथा पेपर आपण निवडायचा, बीएआर (बिझनेस ॲनालिसिस आणि रिपोर्टिंग), आयएससी (इन्फर्मेशन सिस्टिम्स आणि कंट्रोल्स) किंवा टीसीपी (टॅक्स) यातला एक. आणि या बदलात एफएआर मधले बरेच जड टॉपिक उचलून बीएआर मध्ये टाकले. डेरिव्हेटिव्ह आणि हेजिंग, स्टॉक कॉम्पेन्सेशन, बिझनेस कॉम्बिनेशन, लीजमधली लेसरची (भाड्यानं देणाऱ्याची) बाजू, हे सगळं बीएआर ला गेलं. मी अकरा दिवस, मी नंतर कॅलेंडर काढून मोजले, अकरा दिवस मी त्या टॉपिक्सवर घालवले जे माझ्या पेपरात येणारच नव्हते. आणि हे कळलं कधी, तर रिझल्ट आल्यावर, जेव्हा पहिल्यांदा मी एआयसीपीएची (ही परीक्षा तयार करणारी संस्था) ब्लूप्रिंट, म्हणजे पेपरात काय येणार याचा आराखडा, डाउनलोड करून नीट वाचली. फुकट आहे ती. त्यांच्या साइटवर कायम पडलेली असते.

म्हणून कुणी मला विचारलं की कुठला कोर्स घेऊ, तर मी आधी विचारते ब्लूप्रिंट वाचलीस का. त्यात नुसती टॉपिकची यादी नाही, कुठला टॉपिक किती खोलवर विचारणार तेपण लिहिलंय. एफएआर मध्ये नुसतं लक्षात ठेवण्याचे प्रश्न ५ ते १५ टक्के, बाकी सगळं वापरून दाखवणं आणि विश्लेषण. एयूडी मध्ये उलट, लक्षात ठेवणं आणि समजणं यालाच ३० ते ४० टक्के आहेत, आणि मूल्यमापनाची पातळी फक्त एयूडी मध्येच आहे. म्हणजे एकाच परीक्षेचे दोन पेपर, पण डोकं वेगळ्या पद्धतीनं चालवायला लागतं. हे आधी माहीत असलं की कोर्सचा डेमो बघताना आपण काय शोधतोय ते कळतं, नाहीतर डेमोमध्ये सगळेच चांगले दिसतात.

६८ आल्यावर ठरवलं की आता मार्केटमधला नीट कोर्स घ्यायचा. आणि इथे माझी दुसरी चूक झाली. सेल चालू होता, किंमत जवळजवळ निम्म्यावर आलेली दिसत होती, खाली घड्याळ उलटं चालू होतं की इतके तास राहिले, आणि मी रात्री अकरा वाजता हप्त्यांवर घेऊन टाकला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण कोर्स वाईट होता असं माझं म्हणणं नाही, त्यावर पास झालेले लोक मी स्वतः ओळखते. माझ्या आयुष्यात तो बसत नव्हता एवढंच. त्यांचे व्हिडिओ दोन-दोन, अडीच-अडीच तासांचे, मध्ये भाग पाडलेले नाहीत. माझ्याकडे पहाटेचा दीड तास आणि रात्री लेकीला झोपवल्यावर जमला तर पाऊण तास. म्हणजे एक व्हिडिओ दोन दिवसांत, आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचा धागा सुटलेला, मग परत दहा मिनिटं मागे जा.

पण त्याहून मोठी अडचण प्लॅनची होती. सुरुवातीला परीक्षेची तारीख विचारली, रोज किती तास देणार ते विचारलं, आणि छान कॅलेंडर करून दिलं. तिसऱ्या आठवड्यात लेकीला ताप आला, चार दिवस मी एकही पान उघडलं नाही. पाचव्या दिवशी लॉगिन केलं तर चार दिवसांची सगळी कामं लाल रंगात वर जमा झालेली आणि खाली आजचं काम. प्लॅन पुढे सरकला नाही, तारखा परत बसल्या नाहीत, नुसतं "१२ टास्क ओव्हरड्यू". सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की परीक्षेची तारीख बदलून नवीन प्लॅन बनवा, म्हणजे आधीची प्रगती वेगळी आणि नवीन प्लॅन वेगळा. त्या लाल यादीचं मला इतकं दडपण आलं की मी लॉगिन करणंच टाळायला लागले. पाच आठवड्यांनी सोडून दिला. पैसे परत मागायची मुदत दहा दिवसांची होती ती कधीच संपली होती. हप्ते मात्र चालू राहिले.

तेव्हा मी नवऱ्याशी बोलत होते, तो इंजिनियर आहे, त्याला अकाउंटिंगमधलं काही कळत नाही, पण त्यानं एक प्रश्न विचारला जो मला फार उपयोगी पडला. तो म्हणाला, पुस्तकं तुझ्याकडे होती, व्हिडिओ फुकट मिळतात, मग तू पैसे नक्की कशाचे देतेयस? मी बराच वेळ विचार केला. मजकूर तर सगळ्या कोर्सेसचा त्याच ब्लूप्रिंटवरून आलेला असतो, डेबिट-क्रेडिट कुणाकडे वेगळं नसतं. मग मला कळलं की मला दोनच गोष्टी विकत घ्यायच्या आहेत. माझं उत्तर चुकलं की पुढच्या दोन मिनिटांत तो कोर्स मला काय दाखवतो. आणि मी चार दिवस मागे पडले की पाचव्या दिवशी सकाळी तो मला काय दाखवतो. बाकी सगळं, म्हणजे किती हजार प्रश्न, किती तासांचे व्हिडिओ, ॲप किती सुंदर, हे सगळं त्यानंतर.

मग मी पुढचे दहा दिवस अभ्यास केला नाही, फक्त ट्रायल घेतल्या. बेकर, युवर्ल्ड, सर्जंट, ग्लीम ही नावं या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहेत, बहुतेक ठिकाणी थोड्या दिवसांची फुकट ट्रायल किंवा थोडे तरी सँपल धडे मिळतात. यातला मी कुठला घेतला ते मुद्दाम सांगत नाही, कारण मग लोक पुढचं वाचतच नाहीत, नाव बघतात आणि जाऊन घेतात, मी स्वतः असंच केलं होतं.

माझी पद्धत अशी. मी एकच टॉपिक ठरवला आणि प्रत्येक ट्रायलमध्ये तोच उघडला. लीज, लेसीची (भाड्यानं घेणाऱ्याची) बाजू, कारण मला तो कळत नव्हता. हे महत्त्वाचं आहे, आपल्याला येत असलेला टॉपिक उघडला तर सगळे शिक्षक भारी वाटतात. पहिल्या वेळच्या पेपरात मी ऑपरेटिंग लीजच्या (साध्या भाड्यासारख्या कराराच्या) प्रश्नावर अडकले होते आणि मला अजून कळलं नव्हतं की राइट ऑफ यूज ॲसेट, म्हणजे वस्तू वापरायच्या हक्काची पुस्तकात दाखवलेली किंमत, दरवर्षी नक्की कितीनं कमी होतो आणि का.

आकडे देऊनच सांगते. तीन वर्षांचं लीज, दरवर्षाच्या शेवटी १०,००० डॉलर भाडं, व्याजदर ६ टक्के. आजची किंमत येते २६,७३०. ही झाली लायबिलिटी, आणि ॲसेटपण तेवढाच. फायनान्स लीज (वस्तू जवळजवळ विकत घेतल्यासारखा करार) असेल तर सरळ आहे, ॲसेट तीन वर्षांत समान वाटून वर्षाला ८,९१० घसारा, आणि लायबिलिटीवर पहिल्या वर्षाचं व्याज १,६०४, मिळून खर्च १०,५१४. दुसऱ्या वर्षी १०,०१०, तिसऱ्या वर्षी ९,४७६, म्हणजे खर्च दरवर्षी उतरत जातो. ऑपरेटिंग लीजमध्ये मात्र खर्च दरवर्षी सारखाच दाखवायचा असतो, १०,०००. व्याज तर तेच १,६०४ आहे, लायबिलिटी तशीच चालते. मग ॲसेट कितीनं कमी करायचा, तर १०,००० मधून १,६०४ गेले, उरले ८,३९६, तेवढ्यानं. पुढच्या वर्षी व्याज कमी होतं म्हणून हा आकडा वाढतो, ८,९०० होतो, मग ९,४३४, आणि तिन्हींची बेरीज बरोबर २६,७३०. म्हणजे तो आकडा दुसरीकडून येत नाही, खर्च सारखा राहावा म्हणून उरलेला भाग ॲसेटमधून काढतात. मला हे कळलं तेव्हा मी खरंच वही मिटून दोन मिनिटं शांत बसले होते, इतके दिवस मी हे पाठ करायचा प्रयत्न करत होते.

आता हाच प्रश्न मी प्रत्येक ट्रायलमध्ये मुद्दाम चुकवला. ८,९१० वर टिक केलं, म्हणजे फायनान्स लीजवाली चूक. एका ठिकाणी स्पष्टीकरण आलं, बरोबर उत्तर ८,३९६, ऑपरेटिंग लीजमध्ये अमॉर्टायझेशन म्हणजे सरळ रेषेतला खर्च वजा व्याज. बस, एक ओळ. खरं आहे पण मला त्यातून काहीच मिळालं नाही. दुसऱ्या ठिकाणी लीजच्या अकाउंटिंग स्टँडर्डचा अख्खा परिच्छेद चिकटवलेला, एएससी ८४२ चा, वाचता वाचता प्रश्न काय होता तेच विसरले. तिसऱ्या ठिकाणी चारही पर्यायांचं वेगवेगळं लिहिलं होतं, आणि ८,९१० च्या खाली लिहिलं होतं की हे तुम्ही निवडलं असेल तर तुम्ही ॲसेट समान भागात वाटलात, ते फायनान्स लीजमध्ये करतात, इथे आधी व्याज काढा. आणि खाली तिन्ही वर्षांचा तक्ता. मला तिथेच कळलं की माझे पैसे इथे जाणार.

एक मिनिट लागतं हे करायला. टॉपिक निवडा, उत्तर मुद्दाम चुकवा, तेही तुम्ही खरंच जी चूक करता तीच, आणि बघा समोर काय येतं. तयारीत आपण हजारो प्रश्न सोडवणार, त्यातले निम्मे सुरुवातीला चुकणार, म्हणजे आपला बहुतेक वेळ शिक्षकाचा व्हिडिओ बघण्यात जात नाही, ही स्पष्टीकरणं वाचण्यात जातो. तरी सगळे डेमोमध्ये व्हिडिओच बघतात.

सिम्स हा दुसरा भाग. एफएआर मध्ये ५० एमसीक्यू (पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न) आणि ७ टास्क बेस्ड सिम्युलेशन, म्हणजेच सिम्स (कागदपत्रं बघून सोडवायचे मोठे प्रश्न), असतात, आणि मार्क निम्मे-निम्मे. सात प्रश्नांना अर्धा पेपर! पहिल्या वेळेला मी एमसीक्यूच करत राहिले होते कारण मोबाइलवर जमतात, लाइनीत उभं राहून जमतात, आणि केल्यासारखं वाटतं. सिम उघडायचा म्हणजे अर्धा तास हवा, सहा-सात डॉक्युमेंट उघडायची, ईमेल, इन्व्हॉइस, बँकेचं पत्र, त्यातलं कुठलं कामाचं आणि कुठलं नुसतं गोंधळ घालायला दिलंय ते ओळखायचं. त्यामुळे कोर्समधले सिम्स खऱ्या परीक्षेसारखे दिसतात का हे मी एआयसीपीएच्या फुकट सँपल टेस्टशी ताडून बघितलं. खिडक्या कशा उघडतात, कॅलक्युलेटर कसा आहे, स्प्रेडशीट कशी आहे. २०२४ पासून परीक्षेत एक्सेल नाही, एक्सेलसारखी दुसरी स्प्रेडशीट आहे, शॉर्टकट सगळे तसेच चालत नाहीत, आणि ऑफिसमध्ये दिवसभर एक्सेलवर बोटं चालणाऱ्या माणसाला हे पहिल्यांदा परीक्षेच्या खोलीत कळलं तर हात थबकतात. माझे थबकले होते. एका कोर्समध्ये सिम्स म्हणजे नुसते लांबलेले एमसीक्यू होते, सगळे आकडे एकाच पानावर दिलेले, शोधायचं काहीच नाही. तो मी तिथेच बंद केला.

प्रश्नांच्या संख्येबद्दल एक सांगायचंय. जाहिरातीत मोठा आकडा असतो, इतके हजार एमसीक्यू. पण एकाच टॉपिकवरचे प्रश्न चार-पाच वेळा फिरले की आपल्याला उत्तर आठवायला लागतं, प्रश्न वाचायच्या आधीच, आणि स्क्रीनवर ९० टक्के दिसतात, आणि आपण खूश. मी विचारायचे की यात मिश्र सेट बनवता येतात का, सगळे धडे मिसळून, आधी न पाहिलेले प्रश्न वेगळे काढता येतात का, आणि मॉकचे, म्हणजे खऱ्या पेपरासारख्या सराव परीक्षेचे, प्रश्न रोजच्या सरावात येत नाहीत ना. हे शेवटचं तर नक्की विचारा. मॉकमध्ये सरावाचेच प्रश्न असतील तर त्या मॉकच्या मार्काला काहीच अर्थ राहत नाही. आणि मॉक पूर्ण चार तासांचा, पाच टेस्टलेटचा (पेपरचे पाच भाग), तिसऱ्या टेस्टलेटनंतरच्या पंधरा मिनिटांच्या ब्रेकसकट असायला हवा, कारण चौथ्या तासात डोकं कसं चालतं हा अनुभव घरीच घेतलेला बरा.

प्लॅनची परीक्षापण मी घेतली. ट्रायलमध्ये पहिल्या दिवशी प्लॅन बनवला, नंतर तीन दिवस मुद्दाम उघडलं नाही, चौथ्या दिवशी बघितलं. जिथे लाल यादी आली तो बाद. मी जो घेतला त्यात उरलेलं काम उरलेल्या दिवसांत परत वाटून येत होतं, आणि वर लिहून येत होतं की या वेगानं तुम्ही अमुक तारखेला संपवाल, तुमची परीक्षा त्याआधी आहे, रोज इतकी मिनिटं वाढवा किंवा तारीख हलवा. सरळ बोलणं. नोकरी आणि लहान मूल असलेल्या माणसाला एवढंच लागतं, काय राहिलंय आणि किती वेळ आहे ते खरं खरं कुणीतरी सांगावं. जे अजून कॉलेजात आहेत, दिवसाला सहा तास बसू शकतात, त्यांना कदाचित याचं काही वाटणार नाही, त्यांच्यासाठी लांब, खोलात शिकवणारे व्हिडिओच जास्त उपयोगाचे, विशेषतः इंटरमिजिएट अकाउंटिंग कच्चं राहिलं असेल तर.

पास होण्याच्या आकड्यांवर मी आता अजिबात जात नाही. एफएआर मध्ये देशभरात पास होणारे ४० टक्क्यांच्या आसपास असतात, आणि कोर्सच्या पानावर लिहिलेलं असतं ९० च्या वर. खाली बारीक अक्षरांत बघा, बहुतेक वेळा तो आकडा कोर्सचा ठरावीक मोठा भाग पूर्ण केलेल्यांचा असतो. जो माणूस एवढं सगळं पूर्ण करतो तो कुठल्याही कोर्सनं पास व्हायची शक्यता जास्तच. पास गॅरंटीचंही तसंच, पैसे परत मिळायला काय काय पूर्ण केलेलं असायला हवं, नापास झाल्याचा पुरावा किती दिवसांत पाठवायचा, हे सगळं वाचल्याशिवाय त्या शब्दावर विसंबू नका.

पैशांचं थोडक्यात. कोर्सच्या किमती साधारण हजार डॉलरपासून साडेतीन-चार हजारांपर्यंत जातात, आणि पेपरची फी वेगळी, दर पेपरला अडीचशे डॉलरच्या वर, आणि नापास झालात की ती पुन्हा भरायची. म्हणजे स्वस्त कोर्स घेऊन दोन वेळा जास्त परीक्षा दिली तर वाचलेले पैसे तिथेच जातात. घ्यायच्या आधी एचआरला विचारा. बऱ्याच फर्म्सचं एखाद्या कोर्सशी आधीच काही ठरलेलं असतं किंवा खर्च परत देतात, पण त्यात वर्षाच्या आत नोकरी सोडली तर पैसे परत करा असं कलम असू शकतं, ते सही करण्याआधी बघा. मी पहिला कोर्स स्वतःच्या पैशानं घेतल्यावर मला कळलं की आमची छोटी फर्मपण अर्धी रक्कम देते. विचारलंच नव्हतं मी.

आणि ॲक्सेस किती दिवस हे तारखांशी जुळवून बघा. पहिला पेपर पास झाला की बाकीचे तीन ठरावीक काळात पास व्हावे लागतात, नाहीतर पहिल्याचं क्रेडिट जातं. पूर्वी हे १८ महिने होतं, आता बऱ्याच राज्यांनी ३० महिने केलंय, तुमच्या राज्याच्या बोर्डाच्या साइटवर बघून घ्या. कोर्सचा ॲक्सेस १२ महिन्यांचा आणि तुम्हाला मध्ये एक बिझी सीझन सोडायचाय, तर तो खरा आठ महिन्यांचाच झाला. जिथे पास होईपर्यंत ॲक्सेस म्हणतात तिथे हेपण विचारा की नवीन कायदा आला की मजकूर अपडेट होतो का आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, कारण आरईजी आणि टीसीपी मध्ये टॅक्सचे नियम बदलत राहतात, जुन्या मजकुरानं काय होतं ते माझ्या अकरा दिवसांत मी बघितलंय.

दुसऱ्या कोर्सनं मी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एफएआर परत दिली, ७९ आले. दीडशेच्या वर तास गेले असतील. मग बिझी सीझन, मग २०२५ मध्ये एयूडी. एयूडीला मात्र माझा हाच कोर्स थोडा कमी पडला. तिथे आकडे कमी आणि शब्द जास्त, दोन पर्याय दोन्ही बरोबर वाटतात आणि त्यातला जास्त बरोबर कुठला ते ओळखायचं असतं, ऑडिटरनं आधी काय करावं, कुठला पुरावा जास्त भरवशाचा. मी कधी ऑडिट केलेलं नाही, सगळं काम टॅक्सचं, त्यामुळे मला तिथे चित्र उभं करून सांगणारा शिक्षक हवा होता, नुसते प्रश्न करून जमेना. तेव्हा मी त्या एका पेपरपुरते दुसऱ्या एका ठिकाणचे फक्त लेक्चर घेतले, पेपरवार विकत मिळतात काही ठिकाणी, आणि प्रश्न मात्र माझ्या आधीच्या कोर्सचेच केले. चारही पेपरचं पॅकेज एकदम घ्यायची घाई करू नका म्हणते ती याच्यासाठी. एक पेपर घेऊन बघा, जमला तर पुढचे घ्या, सेल परत येतात, वर्षातून कितीतरी वेळा येतात.

आरईजी आणि लगेच ऑक्टोबरमध्ये टीसीपी, हे दोन रोजच्या कामातलेच होते म्हणून फार त्रास झाला नाही. निवडीच्या पेपरची परीक्षा वर्षभर नसते, तिमाहीच्या सुरुवातीला ठरावीक दिवसच असते, ते लक्षात ठेवून आरईजी त्याच्या आधी ठेवली होती, दोन्हीत बरंच सारखं आहे.

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला, ती टेक्सासमध्ये मास्टर्स करतेय. "ताई, तू जो घेतलास तोच घेते ना मी, लिंक पाठव." मी म्हटलं लिंक नाही पाठवणार, आधी तुला न कळणारा एक टॉपिक सांग. ती जरा चिडली. "अगं तू पास झालीस ना त्यावर, मग झालं की." मग म्हणाली, बाँड, प्रीमियम-डिस्काउंटमध्ये इफेक्टिव्ह इंटरेस्ट लावताना कुठला दर कशाला लावायचा यात दरवेळी गडबड होते. म्हटलं तोच उघड सगळीकडे, आणि कूपन दर (बाँडवर लिहिलेला व्याजदर) धरून मुद्दाम चुकव.

परवा तिनं मला तीन स्क्रीनशॉट पाठवले, तिन्ही स्पष्टीकरणांचे, एकाच प्रश्नाचे. खाली लिहिलं होतं, ताई, मधल्यात कळलं. तो माझा कोर्स नव्हता. तिला लांब व्हिडिओ चालतात, तिच्याकडे दुपारभर वेळ असतो, आणि तिथला शिक्षक फळ्यावर आडवी रेघ मारून वर्षं मांडतो तसं तिला आवडतं. तिनं फक्त एफएआर चा घेतलाय सध्या, आणि घ्यायच्या आधी ब्लूप्रिंटची प्रिंट काढून भिंतीवर लावलीय, त्याचाही फोटो पाठवला, लीजच्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ आहे.